खाडीत रबरी कोळंबी कशी खेळवायची: जिताडा आणि तांबोशीसाठी

खाडीत लूर, म्हणजे नकली आमिष, टाकायला लागलेली बरीच मंडळी रबरी कोळंबी घेतात, दोन-चार संध्याकाळी टाकून बघतात, काही लागत नाही म्हटल्यावर डब्याच्या तळाशी सारतात आणि परत पॉपर नाहीतर मिनो अशा दुसऱ्या लूरकडे वळतात. का, तर ती कोळंबी माशासारखी ओढली जाते. खरी कोळंबी सरळ रेषेत भराभरा पोहत जातच नाही, ती बराच वेळ तळाशी चालते, प्रवाहाबरोबर वाहते, घाबरली की शेपटी मारून मागे उडते आणि परत तळाकडे बुडते, आणि जिताडा तिला बहुतेक वेळा त्या बुडण्यातच उचलतो. त्यामुळे खाली रॉड, दोरी, जागा, भरती-ओहोटी सगळ्याबद्दल लिहिलंय पण सगळं फिरून एकाच ठिकाणी येतं, कोळंबी ओढू नका, बुडू द्या आणि पाण्याला नेऊ द्या.

मी बोलतोय ते आपल्या कोकणातल्या खाड्यांबद्दल. वर धरमतर, रेवदंड्याची कुंडलिका, मग बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, खाली मालवणकडे आचरा, कोळंब, कर्ली आणि शेवटी तेरेखोल. गोव्यात मांडवी-झुआरीला पण हेच सगळं चालतं. मुख्य मासा जिताडा, ज्याला सिंधुदुर्गात खजुरा आणि गोव्यात चणाक म्हणतात, आणि दुसरी तांबोशी. हे दोन डोळ्यापुढे ठेवूनच लिहितोय. गोबरा, करकरा, शिंगाळा हे अधेमधे लागतातच, कोळंबी कोणाला आवडत नाही, पण त्यांच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

आधी एक काम करा, रॉड न घेता. अंधार पडल्यावर एखाद्या जेटीवर जा आणि पाण्याच्या कडेला टॉर्च मारा. तळाशी केशरी-लालसर ठिपके चमकताना दिसतील, ते कोळंबीचे डोळे. टॉर्च स्थिर धरून नुसतं बघत बसा. पुढचे पाय टेकवत ती हळूहळू चालते, थांबते, मिशा हलवते, मध्येच पोटाखालचे छोटे पाय वल्ह्यासारखे मारत तळापासून वीतभर वर येते आणि तरंगत पुढे जाते. आता तिच्या पुढ्यात एक खडा टाका. टप्प, शेपटी आत दुमडली आणि ती दीड-दोन फूट मागे उडाली, एकदा नाहीतर दोनदा, आणि मग काहीच न करता पाय पसरून खाली आली. लूरला नेमकी हीच चाल द्यायचीय आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग शेवटचा, खाली येणं. एकदा हे डोळ्यांनी बघितलं की मनगट आपोआप शिकतं, दहा व्हिडिओ बघून ते होत नाही.

आता भरती-ओहोटी. खाडीत गरवणाऱ्याने घड्याळ नंतर बघावं, तिथी आधी. आपल्याकडची जुनी पद्धत अजून एकदम कामाची आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे साधारण सहाला पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही. चतुर्थीला तीन. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. हे गणित मुंबईच्या बाजूचं आहे, भरती दक्षिणेकडून वर सरकते त्यामुळे मालवण-गोव्याला ती मुंबईच्या आधी लागते, आणि दुसरीकडे खाडीत जितकं आत जाल तितकी ती तोंडापेक्षा उशिरा पोचते. मोबाईलवरच्या तक्त्यात जी वेळ दिसते ती बहुतेक बंदराची असते, तुम्ही सात-आठ किलोमीटर आत असाल तर तिथलं पाणी कधी फिरतं हे एकदा जाऊन स्वतः बघून ठेवा आणि फरक लिहून ठेवा, पुढे कायम उपयोगी पडतो. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे जाते, म्हणजे काल जी वेळ जमली ती परवा जमणार नाही.

कोळंबीच्या लूरसाठी माझं मत ठाम आहे, ओहोटी. भरतीत पाणी तिवरांच्या मुळांत आणि खाजणात (भरतीचं पाणी शिरतं त्या सखल जमिनीत) वर चढतं, कोळंबी पण त्याबरोबर आत जाते आणि मासेही तिच्यामागे मुळांत घुसतात, तिथे आपण लूर पोचवूच शकत नाही. पाणी उतरायला लागलं की ती सगळी कोळंबी, छोटे मासे, खेकड्याची पिल्लं व्हाळातून (ओढ्यातून) आणि फाट्यांतून बाहेर मुख्य खाडीत यायला लागतात आणि मासा तोंडाशी येऊन उभा राहतो. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याचशा कोळंब्या लहानपणी खाडीत वाढतात आणि मोठ्या झाल्या की ओहोटीबरोबर समुद्राकडे निघतात, त्यामुळे बाहेर जाणाऱ्या पाण्यात तरंगत जाणारी कोळंबी माशाला अजिबात संशयाची वाटत नाही. भरती संपून पाणी फिरल्यानंतरचा पहिला तास बरा असतो पण खरी मजा मधल्या दोन तासांत, व्हाळातलं पाणी गुडघ्याखाली आलं की. कर्लीच्या काठावर पाग (हाताने फेकायचं जाळं) मारणारे एक आजोबा आहेत, भरतीच्या थांबलेल्या पाण्यात लूर टाकणाऱ्या पोरांना ते दरवेळी एवढंच सांगतात, "अरे झिला, पाणी फिरांदे, मगे टाक." अगदी खरं आहे, थांबलेल्या पाण्यात रबरी कोळंबी मेलेली दिसते.

उधाण (पौर्णिमा-अमावस्येची मोठी भरती-ओहोटी) की भांग (अष्टमीच्या आसपासची छोटी)? रायगडात उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढ-उतार करतं, धरमतरला तर ओहोटी अशी धावते की दहा ग्रॅमचं लूर तळाला लागतच नाही आणि पाणी चहासारखं होतं. तिथे अष्टमीच्या आधी-नंतरचे भांगाचे दिवस धरा. मालवण-गोव्याकडे उधाणालाही फरक दोन-सव्वादोन मीटरच, तिथे उलट भांगाला पाणी अगदीच मरतं, म्हणून पौर्णिमा-अमावस्येच्या दोन दिवस अलीकडे-पलीकडे जाणं चांगलं.

जागा. मुख्य खाडीच्या मधोमध रुंद पाण्यात लूर मारत बसू नका, खाडी मोठी दिसते पण जिताडा तिच्यातल्या थोड्याच जागी उभा असतो, जिथे प्रवाह तुटतो आणि खाणं त्याच्या तोंडापुढून जातं. व्हाळ जिथे खाडीला मिळतो तिथे दोन पाण्यांची एक रेघ दिसते, एक बाजू गढूळ आणि एक जरा निवळ, त्या रेघेवर. खारभूमीच्या बांधाला जी उघाडी असते, जिथून शेताचं पाणी ओहोटीला बाहेर पडतं, तिच्या खालचा डोह तर सोन्याची जागा, कारण आतली सगळी कोळंबी त्या एका तोंडातून बाहेर येते. फक्त उघाडीवर किंवा गोव्यातल्या मानशीवर (तिथली अशीच उघाडी) टाकण्याआधी विचारा, मानशीच्या मासेमारीचा बऱ्याच ठिकाणी लिलाव झालेला असतो, ते कोणाचं तरी पोट आहे. जुन्या पुलाचे खांब, कालवं लागलेले खडक, पाण्यात आडवं पडलेलं चिपीचं झाड, जेटीच्या खालची सावली, हे बाकीचे. खांबाच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, प्रवाह खांबावर आदळतो त्या पुढच्या बाजूलाही एक शांत खिसा तयार होतो, सगळे मागच्या भोवऱ्यातच टाकतात आणि मोठा मासा पुष्कळदा पुढे असतो. रात्री पुलावर दिवे असतील तर उजेड आणि सावलीची जी कड पाण्यावर पडते, मासा सावलीत आणि कोळंबी उजेडात, लूर उजेडातून वाहत सावलीत गेलं पाहिजे.

ओहोटी पूर्ण लागलेली असताना एकदा दुपारी जाऊन फोटो काढून ठेवा. भरतीत सगळं सपाट दिसतं, पण तळाला कुठे खड्डा आहे, कुठे कालवांची पट्टी आहे, व्हाळाची नाळ कुठून वळते हे सगळं तेव्हाच उघडं पडतं.

सामान. साडेसहा ते सात फुटांचा स्पिनिंग रॉड, मीडियम किंवा मीडियम हेवी, टोक फास्ट, लूरचं वजन साधारण ७ ते २१ ग्रॅम झेपणारा. रील २५०० ते ४००० साईझचं पुरे, मोठं घेऊन हात दुखवू नका. दोरी ब्रेडच (विणलेली) घ्या, २० ते ३० पौंड ताकदीची, कारण नायलॉनची एकेरी मोनो दोरी ताणली जाते आणि कोळंबीचं सगळं कळणं दोरीतूनच होतं. लीडर, म्हणजे ब्रेड आणि लूरच्या मध्ये जोडायचा जाड दोरीचा तुकडा, फ्लुरोकार्बनचा, ३० ते ५० पौंड, हातभर ते दीड हात. इथे कंजूषी करू नका. जिताड्याला दात नाहीत असं म्हणतात, सुळे नसतात हे खरं पण तोंड आतून सँडपेपरसारखं खरखरीत असतं आणि कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी, लांब झुंज झाली की बारीक लीडर घासून जातो. तांबोशी असलेल्या खडकाळ जागी मी ५० च्या खाली जातच नाही. ब्रेडला लीडर जोडायला एफजी नॉट ही गाठ शिका, घरी बसून शिका, खाडीवर डास चावत असताना शिकता येत नाही, तोपर्यंत डबल युनी गाठ चालेल. आणि लूर बांधायला लूप नॉट. हे छोटं दिसतं पण फरक मोठा आहे, घट्ट गाठ मारली की कोळंबीचं नाक दोरीच्या दिशेने ताठ राहतं आणि बुडताना ती काठीसारखी जाते, लूप असला की मोकळी डुलते.

लूर निवडताना आकार ३ ते ४ इंच. खाडीत त्या वेळी खरी कोळंबी किती मोठी आहे ते बाजारात टोपली बघून कळतंच, तेवढीच घ्या. दोन तऱ्हा मिळतात, एक आधीच हुक आणि वजन बसवून आलेली, झेरेक लाइव्ह श्रिम्पसारखी, ज्यात अंगाला सांधे असतात आणि हलकीशी हालचालही छान दिसते, आणि दुसरी नुसतं रबर, जे तुम्ही जिगहेडवर (वजन जोडलेल्या हुकवर) किंवा वीडलेस हुकवर चढवता, झेडमन कंपनीच्या रबरी कोळंबीसारखी. नवीन माणसाने पहिल्यांदा तयार मिळणारी घ्यावी, तिचं वजन नीट बसवलेलं असतं त्यामुळे ती आडवी बुडते, स्वतः चढवलेली वाकडी बसली की फिरक्या घेत जाते आणि दोरीला पीळ पडतो. पण झाडांच्या मुळांत टाकायचं असेल तर वीडलेसच, हुकचं टोक रबरात लपवलेलं, २/० ते ४/० साईझ, पोटाला छोटं वजन असलेला. एक सांगायचं म्हणजे झेडमनचं मटेरियल वेगळं आहे, ते दुसऱ्या कंपनीच्या प्लास्टिकबरोबर एका डब्यात ठेवलं की दोन्ही वितळून चिकट गोळा होतो, ते त्याच्याच पाकिटात ठेवा. आणि कुठलंही रबर उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर सोडू नका.

वजन म्हणजे या सगळ्या प्रकाराचं अर्धं गणित. दोन मीटरपर्यंत पाणी आणि हळू प्रवाह असेल तर ५ ते ७ ग्रॅम, तीन-चार मीटर आणि वाहतं पाणी असेल तर १० ते १४. नियम असा धरा की तळाला लागलं पाहिजे पण दगडासारखं पडता कामा नये. लूर पाण्यात पडल्यापासून आकडे मोजा, दोन मीटरला तीन-चार सेकंद लागत असतील तर ठीक, एका सेकंदात टक्क झालं तर वजन जास्त, आणि दहापर्यंत मोजूनही तळ लागत नाही आणि दोरी खाली वाहून गेलीय तर कमी. ओहोटीचा जोर दर अर्ध्या तासाला बदलतो त्यामुळे वजनही बदलावं लागतं, आळस करू नका, मासे न लागण्याचं हे फार मोठं कारण आहे.

रंगावर लोक तासंतास वाद घालतात. माझ्या मते निवळ पाण्यात अर्धपारदर्शक, खरी कोळंबी दिसते तसा राखाडी-तपकिरी, पावसानंतरच्या गढूळ पाण्यात गडद किंवा मग सोनेरी चमक असलेला, आणि रात्री काळपट कारण खालून बघणाऱ्या माशाला आकार दिसला पाहिजे. एवढं पुरे. रंगापेक्षा वजन दहा पट महत्त्वाचं.

आता खेळवणं. व्हाळाच्या तोंडाशी उभे आहात, पाणी डावीकडून उजवीकडे जातंय असं धरा. लूर सरळ समोर नाही टाकायचं, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, डावीकडे तिरकं, जिथे मासा असेल असं वाटतं त्याच्या दोन-तीन मीटर वर. पडल्याबरोबर रीलची बेल (दोरी मोकळी सोडणारी तारेची कडी) हाताने बंद करा आणि दोरीतली जास्तीची ढील गोळा करा, पण ताणू नका. दोरी हलकी कमान करून राहिली पाहिजे. तळाला लागलं की दोरी एकदम सैल पडते, तो क्षण ओळखा. मग मनगटाने दोन छोटे झटके, टक-टक, रॉडचं टोक वीतभर वर जाईल एवढेच, आणि लगेच टोक परत खाली आणून लूरच्या मागे मागे जाऊ द्या. लूर दीड-दोन फूट उडालं आणि आता बुडतंय आणि त्याच वेळी पाणी त्याला उजवीकडे नेतंय. इथे थांबा. तीन सेकंद, चार सेकंद. हात शिवशिवतो, काहीतरी करावंसं वाटतं, करू नका. रील फक्त ढील गोळा करायला फिरवायची, लूर ओढायला नाही. परत तळ लागला की परत कधी एक झटका, कधी दोन, कधी नुसतं टोक उचलून लूर तळावरून वीतभर घसरवणं. एकसारखी लय ठेवू नका. असं करत करत लूर कमानीत फिरत तुमच्या खालच्या अंगाला येतं, प्रवाहात दोरी ताठ होते आणि लूर वर यायला लागतं. तिथे ते काढून घ्या, कारण प्रवाहाच्या उलट पोहत येणारी कोळंबी कोणत्याच माशाला खरी वाटत नाही.

झाडांच्या खाली टाकायचं असेल तर स्किप कास्ट शिका. चपटा दगड पाण्यावरून टप्पे खात जातो तसं लूर आडव्या हाताने, पाण्याच्या अगदी लगत, जोरात मारायचं म्हणजे ते फांद्यांखालून टप्पे घेत आत सरकतं. कोळंबीचा आकार याला फार छान आहे, आणि घाबरलेली कोळंबी पाण्यावर अशीच टप्पे घेत पळते त्यामुळे कधीकधी लूर थांबायच्या आतच डुब्बुक असा आवाज होतो. तांबोशी दुपारी मुळांच्या सावलीत आतल्या आत बसते, तिला बाहेर बोलावून उपयोग नाही, तिच्या दारात जावं लागतं.

मासा लागतो तेव्हा काय कळतं, तर बरेचदा फार काही नाही. जिताडा तोंड उघडून पाण्यासकट लूर आत ओढतो त्यामुळे दोरीला फक्त एक टक्क लागतं, किंवा बुडणारी दोरी मध्येच थांबते, किंवा जरा बाजूला सरकते. म्हणून बुडताना डोळे दोरीवर. रंगीत ब्रेड घेण्याचं हेच कारण, पिवळी किंवा पोपटी, पाण्यावर दिसली पाहिजे. तळ लागायच्या आधीच दोरी सैल पडली तर तळ समजू नका, मासा समजा. आणि मग जोरात उपटायचं नाही, आधी दोरी गोळा करून वजन जाणवलं की रॉड ठामपणे वर उचलायचा.

पुढची झुंज दोघांची एकदम वेगळी. जिताडा उडी मारतो, तोंड उघडून डोकं झाडतो आणि तेव्हाच हुक सुटतो. तो वर यायला लागला की दोरीचा कोन बदलतो ते जाणवतं, त्या वेळी रॉडचं टोक खाली पाण्याकडे न्या आणि दोरी ताठच ठेवा. ड्रॅग (किती ओढीला रील दोरी सोडते ते) तीन किलोच्या आसपास पुरे, त्याला पळू द्या, तो मोकळ्या पाण्यात थकतो. तांबोशीला पळू दिलंत तर संपलं. ती घेता घेताच वळते आणि थेट मुळांत किंवा खडकाच्या कपारीत, त्यामुळे ड्रॅग जवळपास बंद, रॉड आडवा आणि पहिले दोन-तीन सेकंद एक इंचही दोरी द्यायची नाही. ते तीन सेकंद जिंकलात तर नंतर ती येते. दोन्ही मासे एकाच जागी असतील तर ड्रॅग तांबोशीच्या हिशोबाने लावा आणि जिताडा मोकळ्यात आल्यावर सैल करा.

लूर अडकणारच, कोळंबी तळाला खेळवायची म्हणजे ते आलंच. अडकलं की लगेच ताणू नका, ताणलं की हुक अजून रुततो. दोरी सैल सोडा, टोक हलकेच थरथरवा, पुष्कळदा वजनाने ते मागे पडून सुटतं. नाहीच सुटलं तर पलीकडच्या बाजूने जाऊन उलट दिशेने ओढा. हाताला ब्रेड गुंडाळून ओढायची चूक कोणीही करू नका, बोट कापतं, टॉवेल किंवा लाकडाचा तुकडा घ्या. आणि लूरसाठी फांद्या तोडू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने राज्यभर कांदळवन तोडायला बंदी आहे हा एक भाग, पण त्याही आधी ज्या मुळांमुळे तिथे कोळंबी आणि मासा आहे तीच मोडून काय मिळणार.

हंगाम. पाऊस जोरात असताना खाडीला गोडं आणि मातकट पाणी येतं, पूर असतो, तेव्हा सोडून द्या. पाऊस ओसरला की शेतातलं, उघाडीचं पाणी निवळायला लागतं, तिथपासून डिसेंबरपर्यंत जिताड्याचा चांगला काळ. जानेवारीच्या थंड सकाळी मासा सुस्त असतो, तेव्हा दुपारनंतर जा, पाणी जरा तापल्यावर, आणि लूर आणखी हळू. मार्च ते मे पाणी गरम आणि निवळ, तांबोशी उत्तम, आणि पहिल्या पावसाच्या आधी जिताडाही परत जोरात खातो.

जपायच्या गोष्टी. चिखलात चप्पल घालून उतरू नका, कालवं तळपाय चिरतात, बांधता येणारे जाड तळाचे बूट पाहिजेत. पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे तळाशी बसलेलं काटेरी शेपटीचं पाकट बाजूला होतं. शिंगाळा लागला तर पक्कडने सोडवा, पाठीवरचा आणि दोन्ही बाजूचे काटे विषारी असतात, टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, वेदना बरीच उतरते, आणि मग डॉक्टरकडे जा. वाशिष्ठी, सावित्री आणि गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तिथे पाण्यात उतरून गरवायचंच नाही, मासा धुवायलाही काठाशी वाकू नका. आणि रायगडाच्या बाजूला खाजणात आत गेलात तर भरतीची वेळ पाठ पाहिजे, मागची नाळ आधी भरते आणि परतीची वाट बंद होते.

मासा ठेवायचा की सोडायचा यावर मला मनापासून सांगायचंय. जिताडा जन्मतो नर आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे सात-आठ किलोच्या पुढचा जो मासा तुमच्या हातात येतो तो बहुतेक अंडी देणारी मादी असते. फोटो काढा, पाण्यात धरूनच काढा, आणि सोडा. तांबोशी खाडीत वाढते आणि मोठी झाली की बाहेर समुद्रातल्या खडकांवर अंडी द्यायला जाते, म्हणजे खाडीतली बहुतेक तांबोशी अजून एकदाही अंडी न दिलेली असते. घरी खायला एक मधला जिताडा न्या की, दोन-तीन किलोचा चवीलाही जास्त चांगला असतो, पण पिशव्या भरू नका. सोडायचा असेल तर हुकची उलटी नांगी पक्कडने आधीच दाबून ठेवा, मासा गरम दगडावर किंवा कोरड्या मातीवर टाकू नका, कल्ल्यात बोट घालून उभा लटकवू नका, पोटाखाली ओला हात द्या आणि प्रवाहाकडे तोंड करून धरा, तो स्वतःहून शेपटी मारून जाईपर्यंत.

काठावर कोणाची डोल किंवा जाळी लावलेली असेल तर तिच्या आसपास कास्ट करू नका, ब्रेड जाळ्यात गुंतली तर जाळं कापावं लागतं. पाग मारणारा माणूस आला तर त्याला जागा द्या, त्याला विचारा कोळंबी कुठे चाललीय, बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात आणि ती माहिती कुठल्याही ॲपपेक्षा ताजी असते.

घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने हलकं धुवा, जोराच्या धारेखाली धरू नका, मीठ आत ढकललं जातं. हुक धुवून सुकवूनच डब्यात, एक गंजला की बाकीच्यांनाही लागतो. फाटलेली साध्या रबराची कोळंबी सुपरग्लूने दोन-तीन वेळा तरी जोडता येते, पाय तुटले तरी चालतात, शेपटीकडचा भाग शाबूत पाहिजे. अगदीच कामातून गेली की तिथे खाडीत टाकू नका, मासा ती गिळतो आणि ती त्याला पचत नाही, खिशात घालून घरी आणा.